सोमवारची स्वच्छ हवा

उलकान-एजे आमच्या प्रयोगशाळेसाठी बिश्केकची हवा मोजायची. एजे म्हणजे मोठी बहीण. आमचे कुबात साहेब तिच्याहून थोरले, तरी तेही तिला एजेच म्हणायचे. बाजाराच्या कोपऱ्यावर पत्र्याच्या खोलीत तिचं यंत्र होतं. ते दिवसभर हवा ओढायचं, हवा एका पांढऱ्या गाळणकागदातून जायची, आणि संध्याकाळी एजे तो काळवंडलेला कागद वजन करायला घेऊन यायची. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन तलासला गेली, सरकारं आली आणि पडली. एजेचा कागद कधी चुकला नाही.

त्या आकड्यांत एक कोडं होतं. वर्षानुवर्षं दर सोमवारी हवा स्वच्छ. रविवारच्या मेजवान्यांनंतर लोक सोमवारी गाड्या काढत नाहीत, असं साहेबांचं म्हणणं, आणि त्यावर त्यांनी परिषदा गाजवल्या होत्या. एजेलाही ते पटलेलं. "माझा जावईसुद्धा सोमवारी दुपारपर्यंत उठत नाही," ती म्हणायची.

मग मांजरीने घात केला. प्रयोगशाळेची मांजर टेबलावर चढून गाळणकागद चाटताना सापडली. शनिवारचा चाटला, रविवारचा चाटला, सोमवारचा नुसता हुंगला आणि शेपटी उडवून निघून गेली.

एजेने रविवारचा कागद नाकाशी नेला. "मटण," ती म्हणाली, आणि खुर्चीत बसली.

तिच्या खोलीच्या खिडकीखालीच एर्गेश सळयांवर मटण भाजायचा. एजे त्याला आका, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायची. सोमवारी त्याची सुट्टी असे. एजे इतकी वर्षं दुपारी त्याच्याकडेच जेवत आली होती. त्या दिवशी मात्र न जेवता ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"एर्गेश-आका, शेगडी हलवा. शहराची हवा म्हणून मी तुमचं मटण मोजत होते."

"किती भरलं?"

"थट्टा नको. माझा जन्म गेला त्यात."

"हलवतो की. पण मग तू जेवणार कुठे?"

एजेने साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"शेगडी हलली तर आकडे खाली येणार?"

"धाडकन."

"म्हणजे मालिका तुटली. एजे, वर्षानुवर्षं मोजायचं तर यंत्राच्या आजूबाजूचं काही बदलता कामा नये, हा पहिला नियम."

आणि आदेश निघाला: एर्गेशने जागा, कोळसा आणि मेंढीची चरबी बदलू नये; सोमवारी भाजू नये. एर्गेशने तो आदेश चौकटीत बसवून शेगडीमागे टांगला. गिऱ्हाइकांना तो सांगायचा, "हे सरकारी मटण आहे, जपून चावा."

पुढे त्याच्या नातवाचं बारसं नारिनला ठरलं. साहेबांनी रजा दिली, पण धूर थांबता कामा नये म्हणाले. ते काम एजेकडे आलं. तिने जन्मात कधी सळई धरली नव्हती. मटण कोळशासारखं व्हायचं. गिऱ्हाइकं पलीकडच्या गल्लीत पळाली, कुत्री मात्र गुटगुटीत झाली. आकडे दुप्पट झाले. साहेबांना परदेशातून बोलावणं आलं आणि ते धोक्याची सूचना द्यायला विमानात बसलेसुद्धा.

एर्गेश परतला तो बसमधून उतरतानाच खोकला.

"उलकान, तू हवा मोजतेस की काळी करतेस?"

"दिवसा काळी करते, संध्याकाळी मोजते." तिचे डोळे लालबुंद झाले होते. "फार दिवस लावलेत, आका."

"नातू रडका आहे. मला सोडत नव्हता." त्याने तिच्या हातातला वारा घालायचा पुठ्ठा काढून घेतला, तिला स्टुलावर बसवलं आणि एक तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिला.

"मीठ तरी लावलं होतंस का?"

"आदेशात मिठाचं काही नव्हतं," एजे म्हणाली.