हेडमास्तरांविरुद्धचा अर्ज

वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं होतं तेव्हा रोहिणखेडजवळच्या आमच्या शाळेत जे हेडमास्तर होते, त्यांच्याइतका शिक्षेच्या बाबतीत आळशी माणूस उभ्या मुलखात झाला नसेल. पोरगं खोटं बोललं, मारामारी केली, तरी छडी उचलण्याआधी हे त्याच्या घरी जेवून येत. माळ्याकडे भाकरी-ठेचा, पिंजाऱ्याकडे खिचडा. ढेकर देत परतेपर्यंत छडी विसरलेली असे. एकदा एकाच आठवड्यात पाच पोरांनी गुन्हे केले आणि हेडमास्तरांचं पोट असं बिघडलं की तीन दिवस शाळा मीच चालवली. शुक्रवारी नीतीच्या तासाला ते पुस्तक मिटून विचारत, "तुमच्या घरी चांगला माणूस कोणाले म्हनतात बे?" माळ्याचा पोरगा म्हणे, आपली पाळी संपली की पाणी शेजाऱ्याच्या मळ्याकडे वळवतो तो. दुकानदाराचा म्हणे, धान्याचं माप भरल्यावरही वर शीग ठेवून देतो तो. हेडमास्तर खुशीत मिशी पिळत. "पुस्तकवाल्याले हे सुचलंच नसतं!"

मी सहायक मास्तर, नवा आणि कडक. एकदा पिंजाऱ्याच्या करीमला विचारलं, पाटी तू चोरलीस का? तो जमिनीकडेच पाहत राहिला. मी ती कबुली समजलो आणि त्याला फोडून काढलं. दुसऱ्या दिवशी पाटी खिडकीमागे सापडली. त्या दिवशी हेडमास्तर करीमच्या घरून न जेवता परतले. वर्गासमोर मला म्हणाले, "मास्तर, त्याच्या घरी मोठ्यायच्या नजरेले नजर देनं म्हनजे बेअदबी. थो तुम्हाले मान देऊन राह्यला होता. माफी मागा त्याची."

मी मागितली, पण आत जळत राहिलो. त्याच आठवड्यात शाळा तपासणाऱ्या डेप्युटी साहेबांकडे निनावी अर्ज धाडला: हेडमास्तर नीतीचं पुस्तक शिकवत नाहीत, जातगोत न पाहता कुणाकडेही जेवतात. एकही शब्द खोटा नव्हता. चौकशीत साहेबांनी विचारलं, "हे खरं?" मी म्हणालो, "हो." ते का जेवतात, पोरांना काय विचारतात, हे सांगितलं नाही. महिनाभरात हेडमास्तरकी काढून घेऊन त्यांना दूर सोनाळ्याला धाडलं.

ते बैलगाडीत बसले तेव्हा गावकरी अर्ज करणाऱ्याला शिव्या देत होते. हेडमास्तर म्हणाले, "शिव्या काऊन देता? त्याच्या मनाले काही लागलं असन. कोनं इचारलं का त्याले?"

कुणी विचारलं नाही. आज ऐंशी उलटल्यावर न विचारता सांगतो आहे.

पुढे नीतीचा तास माझ्याकडे आला. पोरं धडे घडाघडा म्हणत, साहेब शाबासकी देत. आपल्या घरचं मात्र माझ्या वर्गात पुन्हा कोणी काही सांगितलं नाही.