निनावी पत्रातलं ओळखीचं अक्षर

कथास्पर्धेत माझा पहिला नंबर आल्याचं कार्ड आलं तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आई पुढ्यात सूप घेऊन विड्या वळत बसली होती आणि नायना पाळी संपवून कारखान्यातून नुकतेच आले होते. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो. आमचं घर तेलुगू, विणकरांचं. सोलापुरात तिसरी पिढी, तरी घरात सगळं बोलणं तेलुगूतच चाले. मराठी मी शाळेत शिकले आणि मग तिच्यातच लिहायला लागले. तेलुगू लिहायला मला कुणी शिकवलंच नव्हतं.

कार्डावर लिहिलं होतं, ‘बक्षीस समारंभापूर्वी रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या कार्यालयात भेटावे. सोबत पालकांना आणावे.’ मला वाटलं, पेपरात द्यायला फोटो काढणार असतील. शेजारच्या वहिनींची साडी मागून आणली आणि तांब्यात निखारे घालून तिला इस्त्री केली. नायनांनी ठेवणीतला सदरा घातला.

ही कथा माझ्याशिवाय एकाच व्यक्तीनं वाचली होती, ती म्हणजे शाळेतल्या माझ्या मराठीच्या बाई. आठवीपासून अकरावीपर्यंत त्यांनी मला शिकवलं. माझ्या पहिल्या निबंधात एका पानावर सत्तावीस चुका होत्या, त्या त्यांनी एकेक करून लाल शाईनं दुरुस्त केल्या आणि शाळा सुटल्यावर मला थांबवून समजावून सांगितल्या. असं चार वर्षं चाललं. मला मराठी लिहिता येतं ते त्यांच्यामुळे, यात आजही मला शंका नाही. म्हणून कथा लिहून झाली तशी मी ती त्यांच्या घरी घेऊन गेले. त्यांनी एका बैठकीत वाचली, चार-पाच ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि म्हणाल्या, “पाठव. पण फार आशा ठेवू नकोस. मोठमोठी माणसं भाग घेतात.”

रविवारी आम्ही दहाच्या आधीच पोचलो. मंडळाचं कार्यालय एका दुकानाच्या माडीवर होतं. नायनांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मला आत बोलावलं. आत टेबलामागे तिघे जण होते. मधे चिटणीस, एका बाजूला जाड चष्म्याचे वयस्कर परीक्षक आणि दुसऱ्या बाजूला आणखी एक गृहस्थ. त्यांनी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. फोटोवाला कुठेच दिसेना.

चिटणीस म्हणाले, “बस. घाबरू नकोस. कथा तूच लिहिलीस ना?”

“हो.”

“कुणाची मदत?”

“शुद्धलेखन आमच्या बाईंनी तपासलं.”

“तेवढंच?”

“तेवढंच.”

तेव्हा त्यांनी ड्रॉवरमधून एक घडी घातलेला कागद काढला. “निकाल बोर्डावर लागला त्याच्या तिसऱ्या दिवशी हे पत्र आलं. सही नाही. आम्हाला दुर्लक्ष करता आलं असतं, पण मंडळाच्या नावाचा प्रश्न आहे. तूच वाच.”

मी कागद उघडला. मजकूर आठ-दहा ओळींचा होता. ही मुलगी तेलुगू विणकराची आहे, तिच्या घरी कुणाला धड मराठी बोलता येत नाही, तिचं लेखन मी जवळून पाहिलं आहे, तिला चार ओळीही शुद्ध लिहिता येत नाहीत, ही कथा दुसऱ्या कुणीतरी लिहून दिली आहे, बक्षीस दिलंत तर खऱ्या लेखकांवर अन्याय होईल.

पण मी मजकूर नंतर वाचला. आधी मला अक्षर दिसलं. उभं, किंचित डावीकडे कललेलं. ‘ळ’ची दुसरी गाठ पहिलीपेक्षा मोठी. प्रत्येक वाक्य संपताना पूर्णविराम इतका दाबलेला की कागदाला मागून टोचा पडावा. चार वर्षं हेच अक्षर माझ्या वह्यांच्या समासात होतं. हे पत्र मला दाखवतील असं बाईंच्या मनातही आलं नसणार.

चिटणीस काहीतरी बोलत होते. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द कळत नव्हते. मी कागद घडी घालून टेबलावर ठेवला.

“अक्षर ओळखीचं वाटतं का?” परीक्षकांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. का म्हणाले, ते मला तेव्हाही कळलं नाही. ते नाव तोंडातून निघालं असतं तर ते खरंच झालं असतं, असं काहीसं वाटलं असावं.

मग त्यांनी मला कोरा कागद दिला. इथे बसून, काहीही, एक पानभर लिही म्हणाले. मी पेन हातात धरलं आणि पहिल्या शब्दालाच अडले. ‘आई’मधली ई ऱ्हस्व की दीर्घ, मला आठवेना. जे मी झोपेतही चुकले नसते ते आठवेना. पाच-सात मिनिटं तशीच बसले. न बोलणाऱ्या गृहस्थांनी घड्याळाकडे पाहिलं.

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. “राहू दे ते लिहिणं. मला एक सांग. तुझ्या कथेत ‘छाट’ असा शब्द आहे. चेकर छाट काढतो. मी तीनदा वाचलं, नीट समजलं नाही. म्हणजे काय?”

मी सांगायला लागले. विडी कंपनीच्या ब्रँचमध्ये बायका घरी वळलेल्या विड्या घेऊन रांगेत बसतात, चेकर एकेक जुडी हातात घेतो, चांगल्यातल्याही विड्या मोडून बाजूला टाकतो, त्याला छाट म्हणतात. मोडलेल्या विडीची मजुरी नाही, पानं मात्र घरून भरून द्यायची. माझी आई त्या रांगेत कशी बसते, जुडी पुढे करताना मान कशी वळवते म्हणजे मोडल्याचा आवाज ऐकू येऊ नये. बोलताना मधेच मी तेलुगूत गेले असेन, कारण परीक्षक म्हणाले, “सावकाश, मराठीत सांग.” पण ते हसत नव्हते. माझं सांगून झालं तेव्हा त्यांनी चिटणिसांकडे पाहून मान हलवली.

“कथा हिचीच आहे,” ते म्हणाले. “अजून काय पाहिजे तुम्हाला?”

बाहेर आले तर नायना बाकावरून उठून उभेच होते. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, “एमैंदि बिड्डा?” काय झालं, पोरी. आणि माझ्या मागे आलेल्या चिटणिसांना म्हणाले, “साहेब, पोरगी काय चुकली का? चुकली असंल तर आमी माफी मागतो की.”

चिटणीस गडबडले. “नाही हो, तसं काही नाही. हुशार आहे तुमची मुलगी.”

माझा बाप न केलेल्या गुन्ह्याची माफी मागत होता आणि तो गुन्हा काय, हेही त्याला माहीत नव्हतं. जिना उतरताना मला रडू फुटलं. आनंदानं रडतेय असं मी त्यांना सांगितलं.

समारंभाला बाई आल्या होत्या, दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. माझं नाव पुकारल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर माझ्या पाठीवर हात ठेवून शेजारच्या बाईंना म्हणाल्या, “माझी विद्यार्थिनी. मीच घडवली.” त्यांचा आवाज भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता. पत्र वाचून बसला त्याहून मोठा धक्का मला तिथे बसला. मी वाकून नमस्कारसुद्धा केला. सवयीनं.

आठवडाभरानं त्यांच्या घरी गेले. दारातच म्हणाले, “बाई, ते पत्र मला दाखवलं त्यांनी.”

त्यांनी दार तसंच उघडं ठेवलं. मग आत जाऊन खुर्चीवर बसल्या. मला बस म्हणाल्या नाहीत.

“मी सहा वर्षं कथा पाठवतेय त्या स्पर्धेला,” त्या म्हणाल्या. “उत्तेजनार्थसुद्धा नाही. आणि तू पहिल्याच खेपेला...” मग त्यांनी विचारलं, “कुणाला सांगितलंस?”

“नाही.”

“सांगणार आहेस?”

मी उत्तर न देता निघून आले. कुणालाच सांगितलं नाही, पण तेवढं आश्वासन द्यायला माझं मन झालं नाही. त्या पुढे निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेल्याचं कानावर आलं. आमची भेट पुन्हा झाली नाही.

मी दीड वर्ष काही लिहिलं नाही. वाक्य लिहिलं की खाली लाल रेघ दिसायची. पुढे लिहायला लागले, छापूनही आलं, पण त्यानंतर एकही कच्चं पान मी कुणाला वाचायला दिलं नाही. घरच्या माणसांनाही नाही. त्यामुळे माझं लेखन सुधारलं असं मला वाटत नाही. उलट चुका छापून आल्यावरच कळतात.