बिऱ्हाडाचा पुरावा

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. मुख्याध्यापिका असताना तो मी किती वेळा भरला याची मोजदाद नाही. पालक समोर उभे राहून म्हणायचे, "बाई, तुम्हीच लिहा काहीतरी." मी वसकन अंगावर जायची. "काहीतरी म्हणजे काय? खरं असेल ते सांगा." आमचे कारकून मागे म्हणत, बाईंना या रकान्याचं काय एवढं वेड आहे कोण जाणे. वेड असणारच. माझं सगळं शिक्षण त्या रकान्यातल्या दोन शब्दांवर झालं आहे, आणि ते शब्द माझ्या दाखल्यावरचे नव्हते, दादाच्या दाखल्यावरचे होते.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. इस्लामपूरच्या पलीकडे, नदीकाठी आमचं गाव, थोडा ऊस, थोडं जिरायत. दादा रोज पायी तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जायचा. अभ्यासात बेताचाच, पण हुतूतूत त्याला तोड नव्हती. अंगाने काटकुळा, पण दम असा की समोरच्या सात जणांनी धरला तरी तोंडातलं 'हुतूतू' तुटायचं नाही. मी त्याच्याहून चार वर्षांनी लहान. गावातली शाळा चौथीपर्यंतच, ती मी पास झाले आणि शेण थापायला मोकळी झाले. मुलीला पुढे शिकवायचं असतं हे आमच्या घरात कुणाला सुचलंही नव्हतं. वाईट वाटून घ्यायचं असतं हे मलाही सुचलं नव्हतं.

एका जत्रेत सांगलीच्या एका शाळेच्या ड्रिल मास्तरांनी दादाचा खेळ पाहिला आणि ते थेट आमच्या घरी आले. "पोरगा आमच्या शाळेत घाला. बोर्डिंगात सोय करतो." दादाला आभाळ ठेंगणं झालं. सांगलीच्या मोठ्या मैदानावर, आंतरशालेय सामन्यात खेळायचं, एवढं एकच त्याला हवं होतं. आबा, म्हणजे आमचे वडील, दुसऱ्याच दिवशी दाखला काढायला जुन्या शाळेत गेले.

तिथले हेडमास्तर मोठे सज्जन. चांगला खेळाडू जातोय याचा राग गिळून त्यांनी विचारलं, "कारण काय लिहू? पुढील शिक्षणासाठी लिहितो."

"न्हाई," आबा म्हणाले. "शिक्षान हितं बी हाय. हुतूतू खेळायला चाललाय. तसंच लिवा."

"अहो, असं लिहीत नाहीत."

"खरं हाय ते लिवा, मास्तर. कागदावर खोटं नगं."

आबांचं हे असं का होतं, ते सांगायला हवं. पहिल्या महायुद्धात ते पलटणीबरोबर इराकात, बसऱ्याला होते. तिथे न मिळालेल्या घोंगड्या मिळाल्या म्हणून त्यांनी एका कागदावर सही केली, आणि तिथल्या थंडीत घोंगडीवाचून त्यांचा सोबती गेला. तोंडी थापा ते भरपूर मारायचे. बसऱ्याचा खजूर आमच्या नारळाएवढा असतो, हे मी मोठेपणीपर्यंत खरं धरून चालले होते. पण कागद म्हटला की माणूस बदलायचा.

तर दाखल्यावर आलं, 'हुतूतू खेळण्यासाठी'.

सांगलीच्या ड्रिल मास्तरांनी तो दाखला वाचला आणि कपाळाला हात लावला. आंतरशालेय सामन्यांचा नियमच होता, की खेळासाठी शाळा बदलून आलेल्या मुलाला खेळता येणार नाही. शाळा एकमेकींचे खेळाडू पळवायच्या, म्हणून तो केलेला. सुटायची वाट एकच. मुलाचं बिऱ्हाड गाव सोडून आलं असेल, तर मुभा.

मास्तर म्हणाले, "काही अवघड नाही. बिऱ्हाड सांगलीत आलंय असा अर्ज द्या. पाहायला कोण जातंय?"

आबा उठले आणि दादाला घेऊन घरी आले. दादाने दोन दिवस भाकरीला हात लावला नाही. जुन्या शाळेत परत जायला तोंड नव्हतं, नव्या शाळेत खेळता येत नव्हतं. गोठ्यात म्हशीच्या मानेवर डोकं ठेवून रडत असायचा. एवढा घोडा झालेला पोरगा रडतो, हे पाहून मलाही रडू यायचं आणि त्याचा रागही यायचा.

तिसऱ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता आई म्हणाली, "आवं, बिऱ्हाड म्हंजी काय वं?"

"म्हंजी काय? चूल हाय तितं बिऱ्हाड."

"मग चूल हलवूया की. अर्ज आपसूक खरा हुतोय."

 हे म्हणणाऱ्या आईने आजवर माहेर सोडून दुसरं गाव पाहिलेलं नव्हतं. आबांनी शेतीसाठी गावात राहायचं, चुलत्यांकडे जेवायचं आणि बाजारच्या दिवशी सांगलीला यायचं, असं ठरलं. आई बोलल्याला पक्की. नवी चूल घालणं सोपं होतं, पण तिने घरातली मातीची चूलच बुडाखालची ढेकळं सोडवून उचलली आणि गोणपाटात गुंडाळून बैलगाडीत ठेवली. पहाटे निघालेली गाडी दिवेलागणीला सांगलीत, भाड्याच्या खोलीपाशी पोचली. वाटभर चूल माझ्या मांडीवर. चुलीचा एक कान तेवढा फुटला, तो आईने कृष्णेच्या गाळाने लिंपला.

आता पुरावा हवा होता. रेशनकार्डावर नावं चढली. तरी ड्रिल मास्तर म्हणाले, "बिऱ्हाड खरंच आलंय हे पटायला बाकीची मुलंही इथल्याच शाळेत हवीत. या मुलीला घाला की मुलींच्या शाळेत, सामन्यांपुरती."

मी अशी शाळेत गेले. पुरावा म्हणून! पाचवीच्या वर्गात बाक होते. मी आयुष्यात पहिल्यांदा बाकावर बसले आणि उतरायला लावतील म्हणून मधल्या सुट्टीतही उठले नाही. बाई नकाशा टांगायच्या, कविता चालीवर म्हणायला लावायच्या. पंधरा दिवसांत मला कळून चुकलं, की सामने संपले, गाडी परत निघाली, तर मी मरून जाईन. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. दादा रोज देवाला हात जोडायचा की सामने लवकर येऊ देत. त्याच देवाला मी उलटं सांगायची.

सामन्यांच्या समितीतले एक कोट-टोपीवाले गृहस्थ तपासायला आले. आईने त्यांना पाट दिला. त्यांनी रेशनकार्ड पाहिलं, माझी वही पाहिली, मग हळूच चुलीच्या अंगाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

आई म्हणाली, "रोजची चूल हाय, सायेब. जेवूनच जावा." ते पिठलं-भाकरी जेवून गेले आणि दादाचं नाव संघात आलं.

दादा खेळला. काय खेळला! पण शेवटचा सामना नेमका त्याच्या जुन्या शाळेशी पडला. जुन्या सोबत्यांनी त्याला मध्यरेषेवर पकडला, चौघे अंगावर पडले, आणि त्याच्या गुडघ्यातून आलेला आवाज मी दोरीबाहेरून ऐकला. ज्यांनी पकडला होता त्यांनीच उचलून बाहेर आणला, आणि त्यांतला एक जण हमसून रडत होता. "गड्या, लय लागलं का रं?" एवढंच तो पुनःपुन्हा विचारत होता. सामना आम्ही हरलो. मिरजेच्या दवाखान्यात पट्टी बांधून झाली, निरोप मिळून आबा तिथे येऊन गेले, आणि पुढच्या बाजारच्या दिवशी ते गाडी घेऊन आले. "चला. झालं हुतूतू."

मी दप्तर पोटाशी धरून कोपऱ्यात बसले होते. दादाने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग आबांना म्हणाला, "आबा, आसं जाता येत न्हाई. मधीच बिऱ्हाड हललं तर नाव कटतंय. मॅट्रिकपातूर हितंच ऱ्हायाला लागतंय. मला पुढल्या वर्साला खेळायचं हाय."

"गुडगा?"

"महिन्याभरात बरा हुतोय म्हणलाय डाक्टर."

असा काही नियम होता, की दादाने तिथल्या तिथे रचला, मला आजही माहीत नाही. आबांनी गाडी रिकामी परत नेली.

रोज पहाटे दादा चड्डी खांद्यावर टाकून 'सरावाला' जायचा. एकदा आईने मला घाटावर धुणं घेऊन पाठवलं, तर हा पायरीवर पाय लांब करून बसलेला. उठला तो पायरी धरून, आणि मूठभर माती घेऊन गुडघ्यांना चोळायला लागला. मला पाहून दचकला.

"दादा, तू खेळत न्हाईस?"

"आबांना बोलशील तर बघ," तो म्हणाला. "तुजी सातवी हु दे आदी."

मी तिथेच धुणं टाकून त्याच्या गळ्यात पडले. एवढं प्रेम मला त्याच्याविषयी त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि त्यानंतर ते कमी झालं नाही. पुढची दोन्ही वर्षं तो आबांना सांगायचा की राखीव खेळाडूंत नाव आहे. आबा म्हणायचे, "बरं." माझी सातवी झाली, दादा मॅट्रिकला नापास झाला, चूल पुन्हा गाडीत बसली. तेव्हा सातवी पास झालेल्याला मास्तरकीच्या ट्रेनिंग कॉलेजात घेत, मी तशीच पुढे तिथे गेले. दादाला पलटणीत जायचं होतं, पण त्या गुडघ्यावर कुणी घेतलं नाही. तो जन्मभर ऊस करत राहिला आणि पावसाळ्यात लंगडत राहिला.

मी मुख्याध्यापिका झाले त्या वर्षी आबा फार थकले होते. दादा शेतात गेलेला पाहून मी त्यांच्या खाटेवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. घाट, माती, राखीव खेळाडू. वाटलं, रागावतील. आबांनी डोळे मिटूनच ऐकलं.

"मिरजंच्या डाक्टरनं मला पट्टी बांदली त्याच दिशी सांगितलं हुतं," ते म्हणाले. "आता खेळणं न्हाई म्हून."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"पोरगं तोंडानं सांगत हुतं. मी बी कवा कागद मागितला न्हाई."