अमेरिकेच्या फॉर्ममध्ये आमचा बचत गट

रविवारी सकाळी डहाणूच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. समोर माझ्या मोठ्या जाऊबाई, ज्योतीताई, चिप्ससाठी चिकूच्या चकत्या करत होत्या... आणि मला त्यांचा इतका हेवा वाटत होता की विचारू नका.

कारण सांगते. मी आठ वर्षांची असताना आईबाबांबरोबर अमेरिकेला गेले आणि पुढे तिथली नागरिक झाले. लग्न करून इथे आले त्याला सात वर्षं झाली. कोसबाडच्या एका संस्थेत नोकरी करते, इथला टॅक्स भरते... तरी अमेरिकेलाही दरवर्षी रिटर्न द्यावंच लागतं. माणूस कुठेही जाऊन राहो, तो देश काही पाठ सोडत नाही.

आणि ज्योतीताईंचं रिटर्न? मोठे दीर एक निळी फाइल घेऊन स्टेशनजवळच्या टॅक्सवाल्या काकांकडे जातात, तिथे चहा पितात, परत येतात. झालं!

बरं, हेवा फक्त त्याचाच नाही. सासूबाईंच्या कपाटाच्या किल्ल्या त्यांच्याकडे. चिंचणीहून मासळी घेऊन येणारी मावशी दारातून 'ज्योतीताई' अशी हाक मारते, आणि मी दार उघडलं तर विचारते, "अमेरिकावाली, ताई नाय काय घरात?" सात वर्षं झाली, तरी माझं नाव काही तिच्या तोंडी बसलेलं नाही.

तर मी तीन सॉफ्टवेअर समोर घेऊन बसले होते. पहिलं माझी अमेरिकेतली मावसबहीण वापरते. फोनवरच, नेलपॉलिश वाळेपर्यंत तिचं काम होतं म्हणे (हिचाही हेवा!). त्याने मला नवऱ्याचा अमेरिकन टॅक्स नंबर मागितला, आपल्या पॅनसारखा. माझ्या नवऱ्याची चिकूची वाडी आहे, तो कशाला असला नंबर काढून ठेवेल... मी तिथेच अडकले.

दुसरं फुकट होतं. त्याला माझ्या संस्थेचा नंबर हवा होता, तोही अमेरिकनच. नाही म्हटलं तर लाल अक्षरांत ओरडायचं आणि पुढे जाऊ द्यायचं नाही. तेवढ्यात लाइट गेली, इंटरनेट गेलं, आणि भरलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तिसरं खास परदेशात राहणाऱ्या अमेरिकनांसाठी होतं. किंमत बघून मी ते आधी बंदच केलं होतं. पण पैसे अगदी शेवटी भरायचे होते, म्हटलं बघू तर खरं.

हे मात्र शहाण्यासारखं विचारत होतं. नवरा भारतीय आहे का? बरं, पुढे. मग आला बँक खात्यांचा भाग. अमेरिकेबाहेरची सगळी खाती त्यांना सांगावी लागतात, लपवली तर जबर दंड. माझं पगाराचं खातं 'परदेशी' म्हणून लिहिलं. बँक आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे...

पुढचा प्रश्न होता, असं एखादं खातं आहे का जे तुमचं नाही, पण ज्यावर तुमची सही चालते?

मी 'नाही' दाबलं. आणि सकाळपासून साठलेलं सगळं तोंडातून निघालं, "माझी सही कोण चालवून घेणार आहे इथे!"

ज्योतीताईंची सुरी थांबली. "अगं, गटाचं खातं विसरलीस काय?"

आमच्या महिला बचत गटाचं खातं. चिकूच्या चिप्स करून विवळवेढ्याच्या जत्रेत विकतात तो गट. दोन वर्षांपूर्वी ज्योतीताई मला बँकेत घेऊन गेल्या होत्या, बोट ठेवतील तिथे मी सह्या केल्या होत्या, फोटो दिला होता. मला वाटलं, सभासद कमी पडतायत, म्हणून मला घेतलं असेल.

त्यांनी आतून गटाची फाइल आणून दाखवली. खातं चालवणाऱ्या तिघींत ज्योतीताई, पाड्यावरच्या एक काकू... आणि मी. माझं नाव सासूबाईंनी सुचवलं होतं म्हणे. म्हणाल्या होत्या, धाकटीला घ्या, ती वाचल्याशिवाय कशावर सही करत नाही!

आणि नेमक्या त्याच कागदावर मी न वाचता सही केली होती. मला हसूही आलं आणि रडूही.

मी 'नाही'चं 'हो' केलं. ज्योतीताई हात पुसत शेजारी येऊन बसल्या. प्रश्नांमागून प्रश्न येत होते, त्या निरखून बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुझं बरंय गं. सगळं तुलाच विचारतात. माझ्या फाइलमध्ये काय असतं, मी आजवर बघितलं नाय. पेन्सिलने फुली मारलेली असते, तिथे सही करते."

ज्या निळ्या फाइलचा मी सात वर्षं हेवा केला, ती त्यांनी कधी उघडूनही पाहिली नव्हती.

तिसरंच सॉफ्टवेअर घेतलं. महाग आहे, पण त्याने तो एक प्रश्न विचारला म्हणून मला माझ्या घरातलं माझं नाव सापडलं. किल्ल्यांचा हेवा अजून वाटतो, खोटं कशाला बोलू...

पण पुढच्या रविवारी टेबलावर निळी फाइल उघडणार आहे. वाचायला आम्ही दोघी बसणार आहोत, सही ज्योतीताई करतील. वाचून.