एकटीपुरतं घावन

विमलताई गेल्याचं त्यांच्या सुनेनं मला दारात सांगितलं. मी चपला घालून नेहमीसारखी त्यांच्याचकडे, समोरच्या फ्लॅटमध्ये निघाले होते. "मावशी, आई उठल्याच नाहीत," ती म्हणाली. मी विचारलं, "उठल्या नाहीत म्हणजे?" हा काय प्रश्न झाला? पण तोंडातून तोच निघाला. महिना उलटला तरी मी तिथंच अडकले आहे. आदल्या दिवशी अख्खी सकाळ मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्या फारसं काही बोलल्या नाहीत. पण त्या कधीच बोलत नसत... मग मला कळायचं कसं?

आम्ही दोघी सौदी अरेबियात, तबूकला मुलांकडे राहणाऱ्या विधवा. मी साताऱ्याकडची, त्या चिपळूणच्या. मुलं एकाच बांधकाम कंपनीत इंजिनिअर, सुनाही नोकरीला. नातवंडांची बस गेली की मजला ओस पडायचा. खिडकीतून बघावं तर नुसत्या गाड्या. भाजीवाली नाही, भांडण नाही. मी टीव्ही लावून ठेवायची, कळो न कळो. विमलताईंच्या घरात मात्र टीव्ही बंद. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी चहा दिला, खुर्ची ओढून दिली आणि खिडकीकडे बघत बसल्या. मी आपली बोलतेय, त्या हूं नाही की चूं नाही. आमच्याकडे बाई अशी बसली की तिनं अबोला धरला असं समजतात. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. म्हणून दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याची चटणी नेली, मग धपाटे, मग तिळाचे लाडू. शेवटी त्याच म्हणाल्या, "हौसाबाई, किती खायला घालाल? मी रागावलेली नाही."

"मग बोलत का नाही?"

"बोलायचं काही असलं की बोलेन."

"आणि नसलं तर?"

"तर चहा प्या."

दुपार व्हायच्या आधी त्या उठून तवा ठेवत. बिडाचा तवा, चिपळूणहून बॅगेत घालून आणलेला. तांदळाचं पीठ कालवून एकटीपुरती घावनं घालत, केरळी दुकानात नारळ मिळालाच तर चटणी वाटत, आणि ताट पुसून घेऊन टेबलाशी बसून जेवत. घरात दुसरं कुणी नसताना. मी आयुष्यभर ओट्याशी उभी राहून कालची चपाती चहात बुडवून खाल्लेली बाई. एकटीसाठी तवा तापवायचा हे मला पटेना. मी तोंडावर बोलले, "सासू असती तर हातातला कालथा काढून घेतला असता तुमच्या."

"होती की. घेतला होता. म्हणून तर आता घालते," त्या म्हणाल्या, आणि मलाही एक वाढलं.

पुढं पुढं मीही गप्प बसायला लागले. कधीपासून ते सांगता येत नाही. एवढंच की एक दिवस घरी आले आणि टीव्ही लावायचा राहून गेला.

त्या शेवटच्या सकाळी त्यांनी घावनं घातली, ती सगळी माझ्याच ताटात वाढली. "मला आज नको," म्हणाल्या. मी खाल्ली. का नको, ते विचारलं नाही. जी बाई स्वतःचं इतकं बघते तिला स्वतःचं कळत असेल, असं मी धरून चालले. डॉक्टर म्हणाले, हृदय. काही दिवस आधीपासून त्रास होत असणार. मग ते गप्प बसणं कुठलं होतं? समाधानाचं, की दुखणं दाबून धरण्याचं? बाहेरून तर सारखंच दिसत होतं.

आपल्या लोकांचं दहन इथं होत नाही. कागदपत्रं होईपर्यंत देह थांबला आणि मग विमानानं गावी गेला. मुलगा, सून, नातवंडं सगळी बरोबर गेली. समोरच्या दाराला कुलूप. मयताच्या घरी बायका जमतात, रडतात, गेलेल्याचं बोलतात. इथं मी कुणाशी बोलणार? टीव्ही लावला, तर तो आवाज सोसेना. बंद केला.

त्यांची सून परत आली तेव्हा तो तवा मला देऊन गेली. आता मी त्यावर घावन घालते. माझं तुटतं. तरी ताट घेऊन, बसून खाते. हे स्वतःचं बघणं, की त्यांची आठवण काढणं, मला उमगत नाही.

परवा माझा मुलगा विसरलेला लॅपटॉप न्यायला मधेच घरी आला. मी तव्यापाशी होते. "आई, टीव्ही बिघडला का? एवढं शांत कसं?"

"बिघडला नाही."

"मग? बरं वाटत नाही का तुला?"

'चहा पी' असं अगदी ओठावर आलं होतं. ते गिळलं. म्हटलं, "जिना चढताना दम लागतो हल्ली." तो लॅपटॉप ठेवून खाली बसला. त्याची कामाची वेळ, उगाच घोर लावला की काय... अजून कळत नाही. तेवढ्यात तव्यावरचं करपलं. पूर्वी तेच खाल्लं असतं. मी ते काढून टाकलं आणि दुसरं घातलं.