दंडारीचे बैलप्रेक्षक

गावात टीव्ही आला नव्हता तेव्हा दिवाळीनंतर सानगडीच्या मंडईत, म्हणजे तिथल्या जत्रेत, आम्ही दंडारीची नाचगाणी बघायला बैलगाडीने जायचो. मुक्काम तिथेच, गाडीखाली. एका वर्षी पागोटेवाल्या एका म्हाताऱ्याने आपले बैल दंडारीकडे तोंड करून नेमके आमच्यासमोर बांधले. आम्हाला दिसायच्या फक्त शेपट्या.

"बैलं इथं काहून बांधले जी?" वडील तणतणले.

बैलाची पाठ खाजवत तो हसला. "वर्षभर माह्या बेसूर गान्यावर नांगर वढतेत बिचारे. एक दिवस तरी यायले चांगलं गानं आयकू द्या ना, भाऊ!"

वडिलांना हसू आवरेना. आम्हीच गाडी बाजूला घेतली.

सकाळी निघताना त्याचे बैल जागचे हलेनात. त्याने चुचकारलं, शेपट्या पिरगाळल्या. शेवटी वैतागून भसाड्या आवाजात एक तान घेतली.

बैल झटक्यात चालू लागले.