मोत्यासारख्या अक्षरातली कार्डं

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांच्या अक्षराचं कौतुक मी पंचवीस वर्षं ऐकतेय. मोत्यासारखं अक्षर, म्हणे. बहीण सांगते, तिच्या सासूबाई सांगायच्या, आणि भावोजी स्वतः तर सांगतातच. माणसाला दुसरं काडीचं काही येत नसलं की त्याच्या अक्षराचं कौतुक करावं लागतं, असं माझं मत आहे. कारखान्यात त्यांना मोती म्हणतात. अक्षरावरून म्हणतात असं त्यांना वाटतं. वाटू दे बापडे.

कारखाना रंगांचा, कापडाला आणि चामड्याला लागणाऱ्या. भावोजी वरच्या मजल्यावर रेकॉर्डच्या खोलीत बसतात. खिडकी कायम बंद, का तर धूळ येते. टेबलावर काच, पट्टी, टीपकागद, दोन पेनं. मागच्या लोखंडी कपाटात प्रत्येक कामगाराचं एक कार्ड असतं: नाव, नंबर, खातं. खातं बदललं तर जुन्यावर काट मारून खाली नवं लिहावं, हे कुणाही शहाण्याला कळेल. भावोजींना काट बघवत नाही. ते कोरं कार्ड घेतात, त्यावर फक्त नवं खातं लिहितात आणि जुनं कार्ड फाडून टोपलीत टाकतात. "माझ्या कपाटात एक खाडाखोड दाखवून द्या," असं जेवताना सांगतात. बहीण आपली कौतुकानं वाढत असते.

मी खाली लाँड्रीत. एकोणीस वर्षं कामगारांचे कपडे धुतेय. माझा नवरा रंगखात्यात, अकरा वर्षं. तिथं पिवळी पूड उडते. अंघोळ करून झोपला तरी सकाळी उशी पिवळी. त्या खात्यातल्या माणसांना दहा-बारा वर्षांनी लघवीतून रक्त जायला लागायचं. मग कंपनी मोठं मन करून त्यांना हलकं काम द्यायची, म्हणजे गेटवर बसवायची. तिथून ते दवाखान्यात जायचे आणि दवाखान्यातून कुठं, ते सांगायला नको. आमच्या शेजारचे गेले तसेच. तेव्हापासून नवऱ्यानं बदलीचा अर्ज दिला होता. माझा सगळा जीव त्या अर्जात अडकलेला.

अशात संशोधक बाई आल्या. कोणत्या कामामुळे, कोणत्या हवेपाण्यामुळे कॅन्सर होतो, हे शोधायचं त्यांचं काम. पिकलेले केस, खांद्यावर जड पिशवी, बोलणं अगदी हळू. तीन महिने भावोजींच्या समोर बसून त्यांनी एकेक कार्ड उतरवून घेतलं. भावोजी फुलून गेले होते. "बाई म्हणाल्या, इतकं स्वच्छ रेकॉर्ड मी कुठे पाहिलं नाही." हे आम्ही आठवडाभर ऐकलं.

मग निकाल आला. कंपनीच्या डॉक्टरनं तो कॅन्टीनमध्ये सगळ्यांना वाचून दाखवला. या डॉक्टरला मी उभ्या जन्मात कुणाची नाडी धरताना पाहिलं नाही, पण त्या दिवशी छाती काढून उभा होता. रंगखात्यात कॅन्सरचा एकही रोगी नाही. गेटवरच्या पहारेकऱ्यांत मात्र नऊ. "म्हणजे बघा, पूड निर्धोक आहे. पहारेकरी लोक पाणी कमी पितात, विड्या ओढतात." लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा अर्ज परत आला, बदलीला काही कारण नाही म्हणून.

मी संध्याकाळी तडक बहिणीकडे गेले. भावोजी पेनाचं टोक पुसत बसले होते.

"भावोजी, ते नऊ जण आधी कुठल्या खात्यात होते?"

"कार्डावर गेट आहे."

"तुम्हाला माहीत नाही? त्यातल्या दोघांच्या पंक्तीला जेवलात तुम्ही."

"मला माहीत असून काय उपयोग? रेकॉर्डला आहे तेच खरं."

"मग जाऊन सांगा बाईंना, की जुनी कार्डं तुम्ही फाडलीत."

तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं. "आणि माझ्या तीस वर्षांच्या कामाला बट्टा लावून घेऊ? उद्या लोक म्हणतील रेकॉर्ड खोटं आहे."

बहीण म्हणाली, "अगं, त्यांना त्रास होईल असं नको बोलूस."

त्रास! माझा नवरा पिवळी पूड गिळतोय आणि त्रास यांना होणार. मला त्या माणसाची इतकी किळस आली की समोरचा चहा तसाच ठेवून मी उठले. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. याच्याशी काय भांडणार, याला नीटनेटकेपणापुढे माणूस दिसतच नव्हता.

घरी येताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रंगखात्याचे कपडे दुसऱ्या कपड्यांत घातले तर सगळं पिवळं होतं, म्हणून त्यांचा हौद वेगळा. प्रत्येक कपड्यावर कामगाराचा नंबर दोऱ्यानं शिवलेला असतो, आणि दर शनिवारी कुठला नंबर कुठल्या हौदात गेला ते मी वहीत लिहिते, कपडे हरवले तर बोलणी मला बसतात म्हणून. एकोणीस वर्षांच्या वह्या सोड्याच्या रिकाम्या डब्यात पडून होत्या. पाण्यानं फुगलेल्या, डागाळलेल्या, पानापानावर काटाकाट. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

वह्या पिशवीत भरून मी बाईंकडे नेल्या. त्यांनी नाक मुरडलं नाही. दोन दिवस आम्ही दोघी नंबर लावत बसलो. नऊच्या नऊ पहारेकरी आधी पिवळ्या हौदातले निघाले. कुणी आठ वर्षं, कुणी चौदा. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "मी कार्डं पाहिली आणि विश्वास ठेवला. माणसांना विचारायला हवं होतं," म्हणाल्या. एवढं शिकलेलं माणूस आपली चूक कबूल करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग वही मिटता मिटता त्यांनी विचारलं, "या पिवळ्या हौदातले कपडे कोण धुतं?"

"मीच. पहिल्यापासून."

"हातमोजे?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी लघवी तपासायची एक छोटी बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. नवऱ्याच्या काळजीत मला स्वतःचा नंबर सुचलाच नव्हता. त्यांच्या यादीतही मी नव्हते. भावोजींनी लाँड्रीच्या बायकांना 'इतर' म्हणून एका कार्डावर गुंडाळलं होतं.

पुढे रंगखातं बंद झालं. डॉक्टर म्हणे आधीपासून हेच सांगत होता. नवरा पॅकिंगला गेला, त्याची तपासणी चांगली आली. माझी आली नाही. ऑपरेशन झालं, अजून एक व्हायचंय. कंपनीनं मोठं मन करून मला हलकं काम दिलं, कॅन्टीनमध्ये कपबशा मोजायचं.

त्याचा कागद घेऊन मी रेकॉर्डच्या खोलीत गेले. बाईंच्या सांगण्यावरून आता प्रत्येक बाईचं वेगळं कार्ड झालं होतं. भावोजींनी माझं काढलं: लाँड्री, एकोणीस वर्षं. माझ्याकडे त्यांना बघवेना. मला वाटलं, आता तरी काहीतरी बोलतील. त्यांनी खण उघडला आणि एक कोरं कार्ड बाहेर काढलं.

"नवं करून देतो," म्हणाले. "छान सुबक लिहितो तुझं."

मी त्यांच्या हातातून पेन घेतलं. जुन्या कार्डावर 'लाँड्री' या शब्दावरून आडवी रेघ मारली, खालचा शब्द वाचता येईल अशी, आणि पुढे माझ्या अक्षरात लिहिलं: पिवळा हौद. त्याखाली: कॅन्टीन. मग कार्ड कपाटात परत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली त्यांच्यासमोर टाकली.

ते टीपकागद शोधत होते. शाई ओली होती ना.